देवगड, खाट नंबर सहा

बर्फाच्या कारखान्यावरच्या हॉलात आठ खाटा.
खाली रात्रभर लाद्या फुटतात,
वर आठ अनोळखी माणसं
आणि एका खुंटीवर सगळ्यांचे शर्ट.

मी वजनमापे खात्यातला.
माझ्या लाकडी पेटीत पितळी वजनं झोपतात,
आपापल्या खाचेत, मखमलीवर,
हूं नाही की चूं नाही.
माणसांनीही तसंच झोपावं, असं मला वाटत आलेलं.

दिवा घालवण्याआधी
पाच नंबरवरचे मगदूम उठून बसले,
कागलचे, गुळाचे व्यापारी.
हात जोडून म्हणाले,
‘मी घोरतोय बरं का, आधीच सांगून ठेवतो.
उशी फेकून मारा, राग येत न्हाई.’
सगळे हसले. मीही हसलो.
साडेअकराला कळलं, तो विनोद नव्हता.

सुरुवात बारीक होती,
खवणीवर नारळ फिरवावा तशी.
मग ओल्या वाळूवरून होडी ओढताना
दहा जणांनी एकदम दम घ्यावा, तसं काहीतरी.
मग ते वर जाऊन अडकलं,
आणि अंधारात मीही त्याच्याबरोबर अडकलो,
ते सुटेपर्यंत माझाही श्वास बंद.

खोकलो. पुन्हा खोकलो.
पेटीतलं पाच किलोचं वजन काढून
जमिनीवर ठेवलं, जरा जोरातच.
मगदूमांनी कूस बदलली आणि चाल बदलली.
कुजबुजत कापूस मागितला, तर तीन नंबरच्या मुकादमांनी
स्वतःच्या कानातला अत्तराचा फाया काढून दिला.
आता घोरण्याला हिन्याचा वास येऊ लागला.

दीडच्या सुमाराला कुणीतरी माझ्या पायाला हात लावला.
आठ नंबरचे कुबल, निवतीचे तांडेल,
ट्रॉलर दुरुस्तीला जेटीवर पडलेला.
त्यांची खाट कोपऱ्यातली, खिडकीखालची,
वारा थेट अंगावर.
‘तुमी थय जावा. माका हय होयी.’
मी म्हटलं, अहो, माझ्यासाठी कशाला तुम्ही...
‘तुमच्यासाठी खय? माका थय झोप येना नाय.
तीस वर्सां इंजनाच्या डोक्यार निजलंय.
आवाज थांबलो काय आंग जागा होता.’

माझी चादर त्यांनी ओढून घेतली
आणि मी पेटी उचलायच्या आत झोपलेसुद्धा.

खिडकीखाली खरंच वारा होता.
दीपगृहाचा उजेड छतावरून जायचा,
परत यायचा, मी मोजायचो.
झोप काही येईना.

तीनला ते थांबलं.
अडकलं नाही, नुसतं थांबलं.
संध्याकाळपासून मागत होतो तेच मिळालं होतं,
आणि मी कोपरावर उठून
पाच नंबरच्या अंधाराकडे पाहत होतो.
खाली लाद्याही फुटत नव्हत्या.

माझ्याआधी कुबल उठले होते.
त्यांनी मगदूमांचा खांदा धरला,
सावकाश कुशीवर वळवलं,
पाठीवर थापट मारली, एक, दोन.
एक आचका आला.
मग धुगधुग, मग लय.

तीन नंबरवरून मुकादमांचा आवाज:
‘झालं का चालू?’
‘झाला.’
कुणाची तरी खाट करकरली.
त्यानंतरचं मला आठवत नाही.

सकाळी मगदूमांनी सगळ्यांना चहा पाजला.
‘मारली का हो कुणी उशी?’
मुकादम बशीत फुंकर घालत राहिले.
कुबल जेटीवर गेले होते, इंजीन बघायला.
मगदूमांनी रुमालातून गुळाचा खडा काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
सवयीनं हात जरा हलवून पाहिला मी.
पंचावन्न ग्रॅम, फार तर साठ.

अकरा वाजता जामसंड्याच्या बाजारात
एका तराजूच्या काट्याशी वाकलो होतो.
दुकानदार तिसऱ्यांदा काहीतरी विचारत होता,
त्याचे ओठ हलताना दिसत होते,
आणि हिन्याचा वास येत होता.